फोडणी घातलेल्या काकड्या

प्रिय अप्पा,

पहिलीच बरणी उकळत्या पाण्यातून काढून ओट्यावर टेकवली आणि तिचा तळ सुटला. आवाज फारसा झाला नाही. काकड्या क्षणभर तशाच उभ्या राहिल्या, पाणी तेवढं निघून गेलं. माझ्या पायावर, कपाटाच्या दारावर, सिलिंडरखाली. हातात सांडशी, सांडशीत बिनतळाची बरणी.

बाहेरच्या खोलीतून आई म्हणाली, "काय फोडलंस?"

"बरणी."

"भरलेली का रिकामी?"

"भरलेली."

"मग कर की गोळा. बघत काय उभारलीस?"

तिला मी दिसत नव्हते. मी उभी आहे हे तिला कसं कळलं?

तुमच्या वहीत स्पष्ट लिहिलं आहे, गरम बरणी दगडावर ठेवू नये, जुन्या चादरीची घडी घालून तिच्यावर ठेवावी. चादर मी काढलीही होती. ती खुर्चीवरच राहिली. काच वेचली, फरशी दोनदा पुसली, त्या बरणीतल्या काकड्या टाकून दिल्या. उरलेल्या सहा बरण्या आता चादरीवर उभ्या आहेत. वहीतलं पुढचं वाक्य असं आहे: "उद्यापर्यंत हात लावू नये."

मग हातांचं काय करायचं, अप्पा? तुम्ही काय करायचात? मला आठवतं, तुम्ही चप्पल घालून बाहेर जायचात आणि दिवे लागले की परत यायचात. मला बाहेर जाता येत नाही. उद्या तुम्हाला जाऊन वर्ष होईल. सकाळी जंगम स्वामींना घेऊन तुमच्या समाधीवर जेवणाचं पान ठेवायचं, मग घरी पूजा, माणसं, जेवणं. घर आवरायचं पडलं आहे. ते सोडून मी काकड्या भरल्या आणि आता तुम्हाला लिहायला बसले आहे. एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. ती उद्याच्या आत सांगायला हवी. कालपासून तर ती मला बसू देत नाही.

सांगते. पण एकदम सांगता येत नाही.

तुम्ही काकडीच्या कारखान्यात आहात हे मी शाळेत कुणाला सांगत नसे. एकदा सांगितलं तर मुली हसल्या. "काकडी काय कारखान्यात तयार हुती व्हय?" बोटाएवढ्या काकड्या. शेतकरी संध्याकाळी मोटरसायकलला क्रेट बांधून आणायचे. तुम्ही त्या आकारानं निवडून मिठाच्या पाण्यात घालायचात आणि पिंपं भरून त्या परदेशी जायच्या. सोलापुरात त्या कुणी खात नव्हतं. पिकवणारेही खात नव्हते. तुमचा चुलतभाऊ, आमचा मल्लूकाका, तोही पिकवायचा. तो म्हणायचा, "दादा, असली काकडी म्हशीपुढं टाकली तर म्हैस माझ्याकडं बघती."

कारखाना बंद झाला त्या दिवशी तुम्ही रिक्षातून जाड काचेच्या बरण्यांची दोन खोकी आणलीत. खिशात बियांची पुडी. आम्हाला वाटलं, विकायला आणल्या असतील. तुम्ही त्या धुतल्या, पुसल्या आणि माळ्यावर ठेवल्या. पुढच्या थंडीत होटगीला मल्लूकाकाच्या विहिरीकडेला तुमच्या दोन ओळी लागल्या. तेव्हापासून दर फाल्गुनात आपल्या घरात काकड्या.

शेपूसाठी मंडईत तुमची केवढी फजिती व्हायची! तुम्हाला फुलं आलेला शेपू हवा, बी धरू लागलेला. असा शेपू कुणी विकत नाही. भाजीवाल्या मावशी कोवळ्या जुड्या पुढे करायच्या, तुम्ही मान हलवायचात.

"जून झालेला हाय का?"

"सायेब, लोक कवळा मागत्यात."

"मला जून पाहिजे. फुलाचा."

"शेळी पाळलीया व्हय?"

"व्हय," तुम्ही म्हणालात.

मी शेजारी पिशवी धरून उभी होते. तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. पुढच्या आठवड्यात मावशींनी फुलांचा भारा बांधून ठेवला होता. पैसे घेतले नाहीत. "शेळी कशी हाय?" त्यांनी विचारलं. "दूध देत नाही," तुम्ही म्हणालात.

आई शेपूला अजून सब्बसगीच म्हणते, अक्कलकोटकडची ना! सब्बसगी डाळीत घालायची, भाकरीबरोबर खायची. लोणच्यात कशाला? आणि लोणच्यात पाणी? आपल्या घरात लोणच्याच्या चमच्यालासुद्धा पाण्याचा थेंब चालत नाही. बरणी उन्हात, फडकं उन्हात, बरणीत घालायचा हात कोरडा. आणि तुम्ही काकड्या पाण्यात बुडवून वर दगड ठेवायचात. आई म्हणायची, "पाण्यात का लोणचं हुतं? पाण्यात कपडं भिजवत्यात." नळाला चार-पाच दिवसांनी पाणी यायचं, त्यातला एक हंडा तुम्ही काकड्यांसाठी वेगळा काढायचात, उकळून गार करायचात. तेव्हा तर ती शेजारच्यांना ऐकू जाईल असं म्हणायची, "हितं माणसाला पाणी न्हाय आणि काकड्या आंघोळ करत्यात."

एकवीस वर्षं तिनं तुमच्या काकड्यांना हात लावला नाही. तुम्ही फोड पुढे केलीत की तोंड फिरवायची. तुम्ही हसायचात. पण ती फोड तुम्ही लगेच खायचा नाहीत. तळहातावर घेऊन थोडा वेळ बसायचात. हे मी बघितलं आहे.

मी खाल्ल्या दोन-चारदा. तुम्ही समोर होतात म्हणून. आवडल्या नाहीत, आवडतात असं सांगितलं. ते खोटं लहान होतं.

मध्येच उठून बघून आले. चार झाकणं बसली आहेत. बरणी निवते, झाकणाचा मधला भाग आत जातो, टक् असा आवाज होतो. दोन अजून फुगीर आहेत. बोटानं दाबावंसं वाटलं. तुम्ही म्हणायचात, दाबायचं नाही नंदे, त्याचं त्याला बसू दे. नाही दाबलं. पण हात तिथपर्यंत गेला होता.

गेल्या वर्षी फाल्गुन लागताच तुम्ही काकड्या घातल्या होत्या. चिनी मातीची मोठी बरणी, मागच्या खोलीत, वर पातळ फडकं. तिसऱ्या दिवशी तुम्हाला दम लागला. जिना चढताना नव्हे, बसल्या जागी. मग दवाखाना, अकरा दिवस. नाकात नळी, तुम्हाला बोलायला मनाई. आई तिथून हलत नव्हती. मी कॉलेज, माझं घर आणि दवाखाना करत होते.

सहाव्या दिवशी मी तुमचे कपडे न्यायला इथे आले. मागच्या खोलीत आंबट वास. फडकं उचललं तर पाणी गढूळ, ताकासारखं. वर पांढरी साय. आणि बुडबुडे.

मी काय करायला हवं होतं? तुम्हाला विचारता येत नव्हतं. वही उघडली. मीठ किती, कुठलं, ते आहे. काकडीचं फुलाकडचं टोक कापावं, देठाकडचं नव्हे, तेही आहे. द्राक्षाचं पान घालावं म्हणजे काकडी कडक राहते, आहे. पाणी गढूळ होतं, बुडबुडे येतात आणि ते तसंच व्हायचं असतं, हे कुठेच नाही! का नाही लिहिलंत? मी मुलांना निबंध शिकवते. वाचणाऱ्याला यातलं काहीही ठाऊक नाही असं धरून लिहा, हे दर वर्षी फळ्यावर लिहिते. तुम्हाला ते इतकं ठाऊक होतं की लिहावंसंच वाटलं नाही. रागावू नका, पण इथली निम्मी चूक तुमची आहे.

मला वाटलं, नासलं. मला वाटलं, अप्पा परत आले तर आधी बरणी मागतील. 'आले तर' असं मी मनात म्हटलं होतं. तेही सांगून टाकते.

मी पाणी मोरीत ओतलं. शेपूची फुलं वेचून फेकली. काकड्या धुतल्या, गच्चीवर जुन्या साडीवर उन्हात पसरल्या. दुसऱ्या दिवशी रजा टाकली. काकड्या चिरल्या. मोहरीची डाळ, तिखट, हळद आणि वर मूठभर मीठ. करडईच्या तेलाची फोडणी केली, हिंगाची डबी त्यात उपडी केली, गार करून वर ओतली. तेल चार बोटं वर. आपल्याकडे लोणचं टिकावं म्हणून जे जे करतात ते सगळं केलं. आणि मला कसं वाटलं सांगू? छान वाटलं. वाचवल्या, असं वाटलं!

तुम्ही घरी आलात. सदऱ्यात माणूस शोधावा लागत होता. डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. लोणच्या-पापडाचं नावसुद्धा काढू नका म्हणाले होते. दुसऱ्या दिवशी तुम्ही उशीला टेकून बसलात आणि म्हणालात, "नंदे, बरणी आण. नुसती बघू दे."

मी वाटीत काढून आणलं. तुम्ही वाटी नाकाशी नेलीत.

"हे काय?"

"काकड्या, अप्पा. तुमच्याच."

"फोडणी कुणी घातली?"

तुम्ही ओरडला नाहीत. तुम्ही ओरडत नव्हता, तीच भीती होती. पहिल्या वर्षी मी झाकण बसायच्या आधी एक बरणी हलवून बघितली होती, तेव्हा तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. मी चव्वेचाळीस वर्षांची बाई. वर्गातली साठ मुलं मी नजरेनं गप्प करते. आणि माझ्या तोंडून निघालं, "आईनं."

आई दारात उभी होती. हातात तुमच्या गोळ्यांचा डबा. मी तिच्याकडे बघितलं नाही.

तुम्ही बघितलंत. "तू? तू हात लावलास माझ्या काकड्यांना?"

ती एक क्षणही थांबली नाही. "मग काय करायचं हुतं? नासत हुत्या की. टाकून देऊ व्हय?"

तुम्ही हसलात. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. खोकला येईपर्यंत हसलात. "एकवीस वर्षं लागली बघ, नंदे, तुझ्या आईला." आणि एक फोड उचललीत. मी म्हटलं, "अप्पा, मीठ." तुम्ही म्हणालात, "एकच." डोळे मिटून खाल्लीत, सावकाश. मग आईला म्हणालात, "हाताला चव हाय तुझ्या."

त्यानंतर रोज एक फोड. आई स्वतः वाढायची. मी समोर असले तरी वाढायची. एखाद्या दिवशी तिनं मुद्दाम टाळलं तर तुम्ही ताट तसंच ठेवून बसायचात. "माझं लोणचं?" एकोणीस दिवस. विसाव्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

फोडणी मी घातली होती, अप्पा. आईनं नाही. हे सांगायचं होतं.

एवढंच असतं तर वर्षभर गप्प राहिले नसते. मी खरं बोलले असते तर तुम्ही वाटी बाजूला सारली असती. फेकून दे म्हणाला असतात. दोन दिवस माझ्याशी बोलला नसतात, तेवढंच. तुम्ही खाल्लंत ते आईनं केलं म्हणून. आणि ते खारट होतं! आधीच मिठात मुरलेल्या काकड्या, वर माझं मूठभर मीठ. एका फोडीनं काय होतं? रोजच्या एका फोडीनं? मी कुणाला विचारलेलं नाही. त्या दवाखान्यासमोरून जाताना रिक्षा थांबवून आत जावं, विचारावं, असं कितीदा तरी वाटलं. एकदा उतरलेही. पायरीवर कुणीतरी केळी खात बसलं होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि परत रिक्षात बसले. डॉक्टर हो म्हणाले असते तर मी काय केलं असतं? नाही म्हणाले असते तर मला ते खरं वाटलं असतं का?

वर्षभर हे असं चाललं आहे. वर्गात शिकवताना मध्येच वाक्य तुटतं. मुलं थांबून बघतात.

या फाल्गुनात मल्लूकाकानं न विचारता काकड्या पाठवल्या. फोनवर म्हणाला, "दादाच्या वळी हुत्या. रान मोडताना हात उठंना. काय करायचं ते कर, न्हायतर मेथीत टाक." मेथीत काकडी कोण टाकतं? पण त्याला दुसरं काही सुचलं नसेल. मी इथे आईकडेच राहायला आले होते, वर्षाच्या तयारीसाठी. वही काढली. मावशींकडून फुलांचा शेपू आणला. त्यांनी शेळीचं विचारलं नाही. काकड्या त्याच चिनी मातीच्या बरणीत मिठाच्या पाण्यात घातल्या, वर दगड ठेवला.

चौथ्या दिवशी पाणी गढूळ झालं. पुढे साय आली. बुडबुडे आले. तोच वास, अगदी तोच. मी फडकं उचलून उभी राहिले. या वेळी ओतलं नाही. का नाही, सांगता येत नाही. हट्ट म्हणा. दिवसातून चार-चार वेळा फडकं उचलायची. मधल्या सुट्टीत कॉलेजातून आईला फोन करायची, "आई, वास वाढलाय का?" ती म्हणायची, "बापावानी येडी हुऊ नगंस."

काल दुपारी एक काकडी काढली. धुतली, चावली. कडक होती. आंबट, त्यात शेपू, मागून मीठ. मी ती उभ्या उभ्या संपवली. दुसरी काढली. तीही संपवली. काही नासलं नव्हतं.

म्हणजे गेल्या वर्षीही नासलं नव्हतं!

अप्पा, तुम्हाला ते वाटी बघताक्षणी कळलं असणार. आई म्हणाली, नासत हुत्या. तुम्हाला ठाऊक होतं, नासत नव्हत्या. तुमच्या चांगल्या मुरत आलेल्या काकड्या कुणीतरी धुऊन, चिरून, तेलात घालून संपवल्या होत्या. आणि तुम्ही हसलात. एका शब्दानं बोलला नाहीत. मला वाटत होतं या घरात मीच काहीतरी लपवून बसले आहे.

आज काकड्या काचेच्या बरण्यांत भरायच्या आधी वहीत मी पेन्सिलीनं एक ओळ घातली. "पाणी गढूळ होईल. ओतून देऊ नये." तुमचं अक्षर शाईचं आहे, त्यात माझी शाई नको वाटली.

इथपर्यंत लिहिलं आणि आई आत आली. हातात लोखंडी कढई.

"झालं का तुझं पाणी-पाणी?"

"झालं. आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही."

"मातीच्या बरणीत उरल्यात न्हवं चार-दोन? त्या दे. फोडणी घालते."

"कशाला?"

"उद्या पानात ठिवायला. त्येंना आवडलं हुतं."

मी म्हटलं, त्यांना साध्याच आवडायच्या. एकवीस वर्षं साध्याच खाल्ल्या त्यांनी. पानात साधी ठेवायची, म्हणून तर मी हे सगळं केलं.

"शेवटाला काय खाल्लं?" आई म्हणाली. "शेवटाला ज्याचं नाव काढलं ते ठिवायचं आसतं."

माझा आवाज चढला. चढायला नको होता. "आई, ते लोणचं मी केलं होतं."

"मला काय म्हायती न्हाय व्हय? माझी हिंगाची डबी कुणी संपवली ते बी म्हायती हाय. नवीन आणून ठिवली न्हाईस अजून."

"मग त्यांना सांगितलं का नाहीस?"

"तू का न्हाय सांगितलंस?"

मी पेन खाली ठेवलं. मग एकदम सगळं बोलले. मिठाचं, दवाखान्याच्या पायरीचं, वर्षभराचं. कागद पालथा घातला होता, तरी ती त्याच्याकडेच बघत होती. बोलून झालं तेव्हा ती खाली बसली, कढई मांडीवर घेऊन.

"नंदा, वाढत कोण हुतं?"

"तू."

"मग? डॉक्टर माझ्या म्होरंच बोलला की. मला बी कान हायत. एक फोड मागायचं, लेकरावानी. न्हाय म्हनू? तुझं तू मीठ घातलंस, माझं मी वाढलं, त्येंचं त्येंनी खाल्लं. तू एकटीच कशाला सगळं वढून घेतीस? लई शानी हाईस व्हय?"

मला रडू आलं नाही. यायला हवं होतं असं वाटलं.

ती कढईची कड पदरानं पुसत राहिली. कढई स्वच्छ होती. मग खाली बघूनच म्हणाली, "पंचेचाळीस वर्सं सैपाक केला. कदी म्हनलं न्हाईत, चव हाय म्हनून. एकदा म्हनलं. ते बी तुझ्या लोणच्याला." आणि हसली. "तेवढं ऱ्हाऊ दे की मला."

अप्पा, तुम्ही एकदाही म्हणाला नव्हतात? पंचेचाळीस वर्षांत? बाहेरचे लोक आईच्या हातच्या जेवणाचं कौतुक करायचे, तेव्हा तुम्ही मान हलवायचात. मला वाटायचं तुम्ही तिला एकटीला सांगत असाल. तिनं फोड नाकारल्याचं दुःख तुम्ही तळहातावर घेऊन बसायचात. तिच्या भाकरीबद्दल एक शब्द का नाही बोललात? मला तुमचा राग आला आहे. वर्षानंतर पहिल्यांदा मला स्वतःचा सोडून दुसऱ्या कुणाचा तरी राग आला आहे.

मी तिला उरलेल्या काकड्या काढून दिल्या. चार होत्या. ती आता स्वयंपाकघरात आहे. मोहरी तडतडली, हिंगाचा वास इथपर्यंत आला. शेजारी तुमच्या सहा बरण्या उभ्या आहेत, पाच झाकणं बसली आहेत. सहावं अजून नाही. मी दोनदा उठले आणि दोनदा बसले. आई आतून म्हणाली, "मीठ किती घालू?" मी म्हटलं, "आता घालूच नकोस. आधीच आहे." ती म्हणाली, "बरं."

माझं तुम्हाला सांगून झालं आहे. फोडणी माझी हे तुम्हाला तेव्हाच ठाऊक होतं की नव्हतं, हे मला कधी कळायचं नाही. राहू दे. उद्या पानात आईचं लोणचं असेल. तुम्हाला शब्द देते, तिथे समाधीवर मी तोंड उघडणार नाही. उद्या नाही, नंतरही नाही. ते लोणचं आईनं केलं होतं, मला कुणीही विचारलं तरी. आणि पुढच्या फाल्गुनात काकड्या घालीन. या वेळी मला आवडल्या, अप्पा. हे खरं सांगते आहे.

तुमची,
नंदा

ता. क. सकाळी सातला समाधीवर गेलो. स्वामी, मल्लूकाका, आई आणि मी. पान आईनं वाढलं. लोणचं सगळ्यात शेवटी वाढलं आणि ती उठली नाही. दगडावर हात ठेवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "ऐकताय न्हवं? गेल्या साली फोडणी नंदानं घातली हुती. मी न्हाय. ही माझी हाय." स्वामींनी विचारलं, "कसली फोडणी?" मल्लूकाकानं उदबत्ती लावली. आम्ही घरी आलो तेव्हा माणसं यायला लागली होती.